होडी ट्रेलरवर चढली, पण बांधली का?

1 जून ते 31 जुलै ही आपल्या राज्यातली मासेमारीबंदी. त्यामुळे मे महिना संपत आला की किनाऱ्यावर होड्या वर घ्यायची घाई सुरू होते. मोठ्या ट्रॉलरचं काम वेगळं, ते इथे बाजूला ठेवूया. फायबरच्या लहान होड्या आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या स्पीडबोटी मात्र ट्रेलरवर चढवून जीप किंवा ट्रॅक्टरमागे नेतात. कुणी अंगणात नेतं, कुणी दुरुस्तीला. अंतर बहुतेक वेळा चार-पाच किलोमीटरचं. "इथेच तर जायचंय, काय होतंय?" हे वाक्य तेव्हाच कानावर पडतं.

बहुतेकांचा समज असा, की पुढच्या विंचचा पट्टा नाळेच्या कडीत अडकवून ताणला की होडी बांधली गेली. नाही हो! विंच आहे ती होडी ट्रेलरवर ओढून घेण्यासाठी. रस्त्यावर होडी धरून ठेवणं हे तिचं काम नव्हे. तिच्या दात्याचा खटका सुटला किंवा उन्हाने कुजलेला पट्टा तुटला, तर होडी मागे घसरून सरळ रस्त्यावर येते. मागून स्कूटरवर कोण येत असेल, मुलांना शाळेत सोडणारे अब्बा असतील, सांगता येत नाही. म्हणून विंच असली तरी नाळेच्या कडीतून एक वेगळी साखळी ट्रेलरच्या लोखंडाला अडकवायचीच. तिला ढील अगदी थोडी ठेवावी.

आता थोडा शाळेतला हिशेब. गाडी जोरात ब्रेक मारते तेव्हा ट्रेलर थांबतो, पण वरची होडी आपल्याच वेगात पुढे जाऊ पाहते. अमेरिकेतल्या मालवाहतुकीच्या नियमात असं धरलं आहे, की बांधलेल्या मालाने पुढच्या दिशेला वजनाच्या 80 टक्के आणि मागे व बाजूला 50 टक्के जोर सोसला पाहिजे. म्हणजे इंजिनासकट 600 किलोची होडी असेल, तर ब्रेकच्या क्षणी पुढे 480 किलोचा रेटा. वळणावर बाजूला 300 किलो. हा रेटा एका नायलॉनच्या दोरीवर सोडणार का?

खरी बांधणी मागे असते. होडीच्या मागच्या सपाट फळीला, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, कड्या असतात. त्या प्रत्येक कडीतून रॅचेटचा एक पट्टा खाली ट्रेलरच्या चौकटीपर्यंत. गतिरोधकावर होडीचं बूड उसळतं, ते हेच दोन पट्टे दाबून धरतात. एकच लांब पट्टा होडीवरून आडवा टाकला तर तोही चालेल, पण या दोघांच्या जोडीला. काठाशी घासतो तिथे जुन्या टायरचा तुकडा किंवा जाड गोणपाट घाला. मात्र रॅचेट अंगातली सगळी ताकद लावून आवळू नका. फायबर दबतं, कधी तडकतं. होडी हलवून बघा, तिच्यासोबत ट्रेलरही हलला की बस.

जाळ्याची दोरी यासाठी का नको? नायलॉन ताणतं, भिजलं की आणखी. निघताना घट्ट वाटलेली गाठ पुढच्या गावात ढिली होते. पॉलिस्टरचा पट्टा फार कमी ताणतो. विकत घेताना लेबल वाचा. दुकानदार सांगतो तो आकडा बऱ्याचदा तुटण्याचा असतो. रोजच्या वापराचा सुरक्षित भार त्याच्या निम्मा किंवा एक तृतीयांशच असतो.

होडी ट्रेलरला बांधली, आता ट्रेलर गाडीला. कपलिंगची खीळ बसली का ते हात लावून पाहावं. दोन सुरक्षा साखळ्या कपलिंगखालून एकमेकींना ओलांडून गाडीला अडकवाव्यात. कपलिंग निसटलंच तर दांडा जमिनीत रुतत नाही, साखळ्यांच्या झोळीत अडकतो. वजनाचंही पाहायला हवं. इंजिन मागे असतं, म्हणून होडी जरा मागे राहिली की दांडा वर उचलला जातो आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के भार दांड्यावर यावा. ट्रेलर-होडी मिळून 800 किलो असेल, तर 40 ते 80 किलो.

आणखी एक. "दाबून धरायला" म्हणून होडीत पोरांना बसवतात. हे एकदम बंद! पोराच्या वजनाने होडी थांबत नाही, उलट पहिल्या झटक्याला पोरगंच बाहेर फेकलं जातं. आत सुटे डबे, नांगर, जाळीही ठेवू नयेत, आणि इंजिन वर उचललेलं असेल तर त्याला आधार द्यावा. मागचे दिवे होडीआड झाकले जात असतील तर होडीच्या मागे दिव्यांची पट्टी बांधा.

निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरवर, घाट लागण्याआधी, एकदा थांबा. पट्टे बसतात आणि ढिले पडतात, रॅचेटचा एखादा दाता वाढवावा लागतो. निघण्यापूर्वी बुडातलं बूच काढून पाणीही सोडून द्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि चढावर ते सगळं मागे जातं. काढलेलं बूच इंजिनच्या किल्लीलाच बांधून ठेवा, म्हणजे ऑगस्टमध्ये होडी पाण्यात उतरवताना ते शोधत बसावं लागणार नाही.