दिवाळीच्या माळा लावल्या की रेडिओ का खरखरतो?

संध्याकाळ होते, गॅलरीतल्या माळा लागतात आणि आजोबांच्या रेडिओतून बातम्यांऐवजी घर्रर्र असा आवाज यायला लागतो. सेल बदलले जातात, एरियल वर ओढली जाते (मीडियम वेव्हला तिचा बहुतेक काही उपयोग नसतो, खरी एरियल सेटच्या आत असते) आणि शेवटी 'रेडिओ जुना झाला' असा निकाल लागतो. बिचाऱ्या रेडिओचा काही दोष नसतो.

माळेतले एलईडी तसे शांत असतात. गोंधळ घालते ती प्लगजवळची छोटी डबी, जिच्यावरचं बटण दाबून आपण लुकलुकण्याचे प्रकार बदलतो. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असते. डबीत थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. माळ हळूहळू उजळवायची तर हे स्विच विजेच्या लाटेच्या अधेमधेच खटकन सुरू होतात, सेकंदाला साधारण १०० वेळा. प्रत्येक खटक्याला रेडिओ लहरींचा बारीक फवारा उडतो आणि तो एका फ्रिक्वेन्सीवर न थांबता पट्टाभर पसरतो. आपल्याला ऐकू येणारी घरघर ती हीच.

अॅडॅप्टरवर चालणाऱ्या माळांचं गणित थोडं वेगळं. तिथला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. चांगल्या अॅडॅप्टरमध्ये हा कचरा अडवायला कॉइल आणि कपॅसिटर बसवलेले असतात. फुटपाथवरच्या स्वस्त मालात पैसे वाचवायला हेच आधी गायब होतात. वर माळेची लांबलचक वायर आयती एरियल बनते, आणि घरातलं वायरिंगही तो आवाज खोलीखोलीत पोचवतं.

एफएम ऐकणाऱ्यांना याचा फारसा पत्ता लागत नाही. एफएममध्ये आवाज लहरीच्या फ्रिक्वेन्सीतल्या बदलात दडलेला असतो, त्यामुळे लहरीच्या उंचीतले झटके रेडिओ छाटून टाकतो. मीडियम वेव्हवर मात्र आवाज त्या उंचीतच असतो. मग झटका आणि निवेदक यांच्यात रेडिओ फरक करणार कसा?

'आता रेडिओ ऐकतं कोण' असं म्हणाल, तर आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झवरची मीडियम वेव्ह सेवा ऐकणाऱ्यांना विचारा. शिवाय हॅम रेडिओवाले आहेत. ते हजारो किलोमीटरवरून येणारे अगदी क्षीण सिग्नल ऐकत असतात. २००१ च्या भूज भूकंपात फोन ठप्प झाले तेव्हा निरोप पोचवायला हेच हौशी लोक कामी आले होते.

आणि वाय-फाय? डिसेंबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने वाय-फाय मंदावण्याच्या कारणांत ख्रिसमसच्या माळांचंही नाव घेतलं आणि ती बातमी जगभर फिरली. पण वाय-फाय २,४०० मेगाहर्ट्झच्या वर चालतं. तिथपर्यंत पोचेस्तोवर माळेच्या या खरखरीत फारसा दम उरत नाही. दिवाळीत नेट स्लो असेल तर आधी घरात किती पाहुणे मोबाइल घेऊन बसलेत ते मोजा.

गुन्हेगार शोधायचा तर सेलवर चालणारा रेडिओ घ्या, मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेली जागा लावा आणि एकेक माळ प्लगमधून काढत जा. जिच्यावर आवाज थांबेल, ती.

मग सगळ्यात सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे डबीचं बटण दाबून माळ स्थिर मोडवर ठेवा. हळूहळू उजळणारा-विझणारा मोड रेडिओसाठी सगळ्यात वाईट. त्यानंतर रेडिओ माळेपासून दोन-चार मीटर लांब न्या आणि सेलवर चालवा. सेट जागच्या जागी फिरवूनही बघा. आतल्या एरियलला काही दिशांनी कमी ऐकू येतं, त्यामुळे ठरावीक कोनात घरघर एकदम खाली येते.

एवढ्यानं भागलं नाही तर फेराइट. लॅपटॉपच्या किंवा मॉनिटरच्या वायरवर जो फुगीर काळा गोळा दिसतो, तोच हा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्याची मोठी रिंग मागा आणि डबीजवळ वायरचे आठ-दहा वेढे त्यातून घ्या, सगळ्या तारा एकत्र ठेवून आणि अर्थात प्लग काढून. एका वेढ्यानं मीडियम वेव्हवर काही होत नाही. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो. डबी उघडून आत स्वतः कपॅसिटर जोडायच्या भानगडीत मात्र पडू नका, तिथे थेट २३० व्होल्ट असतात. नवीन घेणार असाल तर थेट सेलवर चालणारी, न लुकलुकणारी माळ रेडिओला सगळ्यात कमी छळते.

घराचा मेन स्विच बंद करूनही घरघर चालूच असेल, तर आवाज बाहेरून येतोय. रेडिओ हातात घेऊन जिन्यात फिरा, जिथे तो सगळ्यात मोठा होतो तिथल्या दारावरची माळ बघा. शेजाऱ्यांना माळ काढायला सांगू नका, सणासुदीला उगाच वाद. काका, फक्त बटण दाबून मोड बदलता का, एवढं विचारा.