मेगरचा डबा

सावनेर तालुक्यातल्या खाप्याजवळ गुमगावला मँगनीजची भूमिगत खाण आहे. ती चालवणारी मॉइल ही सरकारी कंपनी १९६२ ची, पण तिचं मूळ १८९६ मधल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातं. जमिनीखाली पाणी झिरपणारच, आणि पंप बंद पडून चालत नाही. दमट हवेत उभ्या मोटारीचं वाइंडिंग ओल धरतं. म्हणून ती चालू करण्याआधी मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर, मारायचा, हा खाणीतला रिवाज. संत्र्याच्या बगीच्यातला पंप दुरुस्त करणारा वाइंडिंगवालाही तेच करतो.

मेगर हे नाव लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीनं १९०३ मध्ये नोंदवलं. आता बॅटरीवरचे, आकडे दाखवणारे मेगर मिळतात. हँडलचे जुने नग मात्र अजून निघतात, कुठे भंगारात, कुठे स्टोअरच्या मागच्या फळीवर, आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झालेत.

आत एक छोटा जनरेटर असतो. हँडल मिनिटाला साधारण १६० फेऱ्यांनी फिरवलं की क्लच घसरू लागतो आणि व्होल्टेज ५०० च्या आसपास टिकून राहतं. काट्याला स्प्रिंग नाही. एकाच आसावर दोन कॉइल असतात: एक जनरेटरच्या व्होल्टेजनं ओढते, दुसरी तपासायच्या वाइंडिंगमधून गळणाऱ्या करंटनं. काटा दोन ओढींच्या गुणोत्तरावर थांबतो, त्यामुळे हात थोडा सावकाश चालला तरी वाचन बदलत नाही. हँडल थांबवलं की काटा वाटेल तिथे पडून राहतो. नवशिक्याला वाटतं, मीटर गेला. (त्याच नवशिक्याच्या हातात वायर देऊन हँडल फिरवायची थट्टा बऱ्याच वर्कशॉपांत चालते. वाईट खोड आहे.)

दुरुस्ती बहुतेक साधी असते. ग्रीस दगडासारखं झालेलं असतं, ब्रश झिजलेले असतात. अवघड जागा एकच: कॉइलना करंट पोहोचवणाऱ्या तलम पट्ट्या. चिमटा घसरला की त्या तुटतात, मग दोन मेगरचा एक करावा लागतो. व्होल्ट, करंट आणि ओहम मोजणाऱ्या एव्हो मीटरचं दुखणं वेगळं. १९५१ मध्ये आलेलं त्याचं आठ नंबरचं मॉडेल २००८ पर्यंत बनत होतं. ओहमच्या वरच्या रेंजसाठी त्याला १५ व्होल्टचा छोटा सेल लागतो. तो मिळाला नाही की ३ व्होल्टचे पाच बटन सेल एकावर एक रचून भागवतात.

मेगरची खरी कसोटी मात्र डब्याची. बॅकेलाइट पडून फुटलेलं असतं आणि हाताशी प्लायवूड किंवा पत्रा असतो. पण हिशेब बघा: ५०० व्होल्टला १०० मेगओम म्हणजे फक्त ५ मायक्रोअँपिअर. एवढा करंट पावसाळ्यातल्या प्लायवूडमधूनही गळतो. टर्मिनल थेट त्यावर बसवले तर वायरी न जोडताच काटा १०० मेगओमच्या आसपास थांबेल, आणि ते वाचन मोटारीचं नसून डब्याचं असेल. लोखंडी पत्रा चुंबकाची ओढ आपल्याकडे वळवतो, तेव्हा वाचन तिरपं होतं. म्हणून डबा ॲल्युमिनियमचा, टर्मिनल एबोनाइटच्या पट्टीवर, आणि सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स स्पिरिटनं पुसायचा. शेवटी वायरी मोकळ्या ठेवून हँडल फिरवायचं: काटा अनंतावर गेला पाहिजे. वायरी एकमेकींना जोडून फिरवलं की शून्यावर.

याच सावनेर तालुक्यात कोळशाच्या खाणीही आहेत. तिथे मिथेनचा धोका असतो, म्हणून खाणीत न्यायच्या विद्युत उपकरणाला खाण सुरक्षा महासंचालनालयाची मंजुरी लागते आणि ती मंजुरी डब्यासकट असते. डबा बदलला की ती गेली. तिथे डबा बदलायचा हा उद्योग चालत नाही, आणि चालूही नये.

मँगनीजच्या खाणीतही अशा मेगरचा आकडा कागदावर चढवायचा तर कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र लागेल. वाइंडिंगवाल्याचा प्रश्न त्याहून सोपा आहे: घरगुती व्होल्टेजवरची मोटार एका मेगओमच्या वर आहे की खाली. माहीत असलेले १ आणि १० मेगओमचे रेझिस्टन्स लावून काटा जागेवर येतो एवढं पाहिलं, की तेवढ्या कामाला हा मेगर पुरतो.