दीर्घिकांचे आवर्तन आणि पंचगंगेचा पूर

१९८९, २००५, २०१९. पंचगंगेच्या महापुरांची ही वर्षे एका ओळीत मांडली की मन लगेच हिशेब करू लागते : दर चौदा-सोळा वर्षांनी नदी कोपते! २०१९ चा पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीतील थोरांनी असाच हिशेब करून सुटकेचा निःश्वास टाकला. पण २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा दारात आले. दोन-तीन घटनांवरून नियम बांधणे असे फसवे असते. खगोलशास्त्रज्ञांपुढेही आज हाच पेच आहे.

काही दीर्घिकांच्या केंद्रस्थानी प्रचंड कृष्णविवर असते. त्याच्याभोवती वायूची तप्त चकती फिरते व तिचा प्रकाश साऱ्या दीर्घिकेलाही झाकोळून टाकतो. या सक्रिय दीर्घिका. त्यांचे तेज सतत, पण अनियमितपणे कमीजास्त होते. ते ठराविक काळाने वाढत असेल, तर तेथे एक नव्हे, दोन कृष्णविवरे परस्परांभोवती फिरत असावीत, अशी शंका येते. म्हणून या आवर्तनाचा शोध महत्त्वाचा.

याचे प्रसिद्ध उदाहरण कर्क राशीतील ‘ओजे २८७’. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या छायाचित्र-काचांवरही ती सापडते. त्या नोंदींवरून सुमारे बारा वर्षांचे आवर्तन दिसले आणि १९८८ मध्ये दोन कृष्णविवरांची कल्पना पुढे आली. धाकटे विवर प्रत्येक फेरीत थोरल्याची चकती दोनदा भेदते व दोनदा भडका उडतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार कक्षाच वळत राहते. म्हणून दोन भडक्यांतील अंतर सारखे नसते, पण गणिताने काढता येते.

या गणितात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ए. गोपकुमार व लंकेश्वर डे यांचा वाटा आहे. ३१ जुलै २०१९ चे भाकीत होते. तेव्हा ती दीर्घिका सूर्याच्या बाजूला असल्याने पृथ्वीवरून दिसत नव्हती. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने भडका टिपला. भाकीत चार तासांच्या आत खरे ठरले! पुढच्याच आठवड्यात आपल्याकडे महापूर आला.

पण २०२२ च्या ऑक्टोबरात अपेक्षित असलेला भडका जर्मनीतील स्टेफनी कोमोसा यांच्या गटाला दिसला नाही. थोरले विवर १८ अब्ज सूर्यांइतके नसून १० कोटी सूर्यांइतकेच असावे, असे त्यांचे म्हणणे. पहिला पक्ष ते मान्य करीत नाही. वाद मिटलेला नाही.

अडचण अशी, की निव्वळ अनियमित चढउतारही दोन-तीन फेऱ्यांपुरते लयबद्ध भासतात. त्यावर उपाय एकच : भाकीत आधी लिहून ठेवावे व निकालाला सामोरे जावे. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाचीही अशीच चाचणी घेतली होती.

गल्लीतील हिशेब चुकला, यात लाज नाही. पण तो चुकल्यावरही नवा आकडा शोधून पुन्हा निर्धास्त झोपणे, ही मात्र खरी चूक.