अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

कारखान्यात नवा कामगार लागला म्हणजे त्याला भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरून द्यावा लागतो. त्या अर्जात एक रकाना असतो : आपल्या पश्चात ही रक्कम कोणास द्यावी? काही वर्षांपूर्वी एक एकोणीस वर्षांचा मुलगा हा रकाना कोरा ठेवून आमच्या युनियनच्या कचेरीत आला. ‘नाव आणल्याशिवाय अर्ज घेणार नाही’ असे सांगून कारकुनाने त्याला परत पाठविले होते. मुलगा बालगृहात वाढलेला. आई नाही, बाप नाही, चुलता-मामा कोणी ठाऊक नाही. आपल्याच हातून काही गुन्हा घडला आहे अशा चेहऱ्याने तो उभा होता.

वास्तविक नियम सरळ आहे. ज्या सभासदाला कुटुंब नाही, त्याला आपल्या पसंतीच्या कोणाही व्यक्तीचे नाव देता येते. आम्ही नियम दाखविला, त्याने खोलीतल्या सोबत्याचे नाव घातले, काम पाच मिनिटांत झाले. परंतु ज्याला नियम ठाऊक नाही आणि ज्याच्या बाजूने विचारणारा कोणी नाही, त्याच्या वाटेत असे किती कोरे रकाने येत असतील, हा विचार आमच्या मनातून गेला नाही. त्याचीच येथे थोडी फोड करावयाची आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे सध्या 2015 चा बालन्याय अधिनियम लागू आहे. त्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय. ज्या बालकाला घर नाही त्याला बालगृहात ठेवता येते, दत्तक देता येते, किंवा प्रतिपालक कुटुंबात ठेवता येते. प्रतिपालक कुटुंब म्हणजे मूल कायमचे आपले न करता काही काळ घरच्यासारखे सांभाळणारे कुटुंब. आपल्याकडे ही पद्धत अद्याप फारशी रुजलेली नाही. दत्तक न गेलेल्या मुलांपैकी पुष्कळांचे बालपण संस्थेतच जाते.

अठरावे वर्ष पूर्ण झाले की हे बालपण कागदोपत्री संपते. आपल्या घरातल्या मुलाकडे पाहा. अठराव्या वर्षी तो बारावीला असतो, फार तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. त्याची फी, त्याचे जेवण, आजारपणातली त्याची उशापायथ्याची माणसे, सारे घरच पुरविते. त्याला कोणी म्हणत नाही की बाबा, आजपासून तू सज्ञान झालास, आता आपली वळकटी उचल. संस्थेतल्या मुलाला मात्र नेमक्या त्याच वयात खोली, नोकरी, शिक्षण आणि ओळख ही चारही ओझी एकदम उचलावी लागतात. यात शिक्षणाचे ओझे सर्वांत आधी खाली ठेवले जाते, कारण पोट थांबत नाही.

कायदा करणाऱ्यांना हे दिसले नाही असे नाही. याच अधिनियमाच्या 46 व्या कलमात अठरा वर्षांनंतरच्या आधाराची तरतूद आहे. तिला अनुरक्षण म्हणतात. नियमांप्रमाणे हा आधार एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि विशेष परिस्थितीत आणखी दोन वर्षे देता येतो. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तरुणासाठी दरमहा 4000 रुपयांची सोय आहे. पण तरतूद असणे आणि ती हातात पडणे यांत अंतर असते, हे कामगाराला सांगावयास नको. किमान वेतनाचा कायदाही 1948 साली झाला. तो प्रत्यक्षात मिळविण्यासाठी गेटावर किती वर्षे उभे राहावे लागले ते आम्ही जाणतो.

आता एक उदाहरण घेऊ. अमृता करवंदे ही मुलगी गोव्यातील एका संस्थेत वाढली. अठरा वर्षे झाल्यावर ती बाहेर पडली, पुण्यास आली, मिळेल ते काम करून शिकली आणि राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसली. 2017 साली तिला 39 गुण मिळाले. खुल्या गटातील स्त्रियांमध्ये उन्नत म्हणजे सुस्थितीतील उमेदवारांसाठी मर्यादा 46 होती. ज्या सुस्थितीतील नाहीत त्यांच्यासाठी 35. म्हणजे ती सहज पात्र व्हावयास हवी होती. परंतु आपण सुस्थितीतील नाही हे सिद्ध करावयाचे तर आईबापांच्या उत्पन्नावर आधारलेला दाखला लागतो. आईबापच नाहीत, तर त्यांचे उत्पन्न कोठून आणावे? दाखला नाही म्हणून ती सुस्थितीतल्यांत मोजली गेली आणि नापास झाली. जिच्यापाशी काहीच नव्हते ती कागदावर संपन्न ठरली!

ही एखाद्या अधिकाऱ्याच्या दुष्टपणाची गोष्ट नव्हे. ज्या वर्गाचे नाव नोंदवहीत नाही, त्याचे दुःखही नोंदवहीत येत नाही. दोष आहे तो इथे. अमृताने हे नेमके ओळखले. घरी बसून नशिबाला बोल लावण्याऐवजी ती थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, आणि आपल्यासारख्या सर्वांसाठी स्वतंत्र रकाना मागितला. जानेवारी 2018 मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि 2 एप्रिल 2018 रोजी शासन निर्णय निघाला : शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत अनाथांसाठी 1 टक्का समांतर आरक्षण. समांतर म्हणजे जातीच्या उभ्या वर्गवारीला छेदून जाणारे आडवे. स्त्रिया किंवा माजी सैनिक यांच्यासाठी असते तसे. पुढे 2021 साली त्याच्या अटी बदलून व्याप्ती वाढविण्यात आली.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी दुसरी बाजू लावून धरली. जी मुले अपंग आहेत त्यांना अठराव्या वर्षी बाहेर काढून ती जाणार कोठे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याच आश्रमात वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठराव्या वर्षी तिचा आधार तुटला असता, तर हे घडते काय?

एकट्यादुकट्याच्या धडपडीने एक रकाना मिळतो. व्यवस्था बदलावयास संघटना लागते. इंग्लंडचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे प्रतिपालक कुटुंबांत व संस्थांत वाढलेल्या तरुणांनी 1979 मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली आणि आपल्याविषयीचे निर्णय आपल्याला विचारून व्हावेत असा आग्रह धरला. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी तेथे 2000 साली स्वतंत्र कायदा झाला. त्याने नगरपालिकेवर अशा तरुणाची जबाबदारी टाकली, त्याच्यासाठी एक सल्लागार नेमावयास लावला, आणि तो शिकत असेल तर मदत अधिक वर्षे चालू ठेवली. 2014 च्या कायद्याने प्रतिपालक कुटुंबात एकविसाव्या वर्षापर्यंत राहण्याची वाट मोकळी झाली. 2017 च्या कायद्याने सल्लागाराची सोबत पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढविली. तेथेही सारे आलबेल नाही. पण क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : आधी मुले बोलू लागली, मग कायदे हलले.

आपल्या गावात काय करता येईल? फार मोठ्या गोष्टी आम्ही सांगत नाही. अनाथ असल्याचा दाखला महिला व बालविकास विभागाकडून मिळतो; तो मूल संस्थेत असतानाच त्याच्या हाती पडतो की नाही, हे विचारणारे चार नागरिक प्रत्येक गावी हवेत. खोली भाड्याने देताना ‘घरी कोण कोण असते?’ या प्रश्नावर मुलगा गप्प झाला, तर दार लावू नये. कॉलेजांनी स्थानिक पालकाच्या सहीसाठी अडवून धरू नये. आणि अडविलेच, तर ती सही करणारे आपल्यापैकी कोणीतरी पुढे व्हावे. अनुरक्षणाच्या योजना ज्या समित्या पाहतात, त्यांत त्या वाटेने गेलेल्या एकदोन तरुणांना बसवावे. बूट कोठे चावतो हे घालणाऱ्यालाच कळते.

या मुलांची दया करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सणासुदीला बालगृहात लाडू जातात, ते जावेतच. पण लाडू अठराव्या वर्षापर्यंत पोचतात; पुढे त्यांना हक्क लागतो.

तो मुलगा पुढे रात्रीच्या कॉलेजात जाऊ लागला. परवा कचेरीत आला होता, तो एका नव्या पोराला बरोबर घेऊन. त्या पोराचाही रकाना कोराच होता. या वेळी नियम आम्हांला सांगावा लागला नाही.