मोट गेली, मोटार आली. पण थांबायचं कुणी?

सभासद बंधू-भगिनींनो,

नवा शोध लागला की माणसाचे कष्ट वाचतात, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. परंतु कष्टांबरोबर शोध आणखी काय घेऊन जातो, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. आपल्या विहिरीवरची मोट गेली आणि मोटार आली.

मोटेचा काळ

आमच्या शेतकी खात्यात आज मोट हाकलेला कोणी उरलेला नाही. वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले तेच आम्ही सांगतो. पहाटे बैल जुंपायचे. धाव उतरत बैल नाडा ओढायचे, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी झाली की उलट्या पावली पुन्हा मागे. दिवसभर हेच. लिंब (जि. सातारा) येथील शाहू महाराजांच्या काळातली बारा मोटांची विहीर पाहिली म्हणजे केवढा हा खटाटोप होता ते कळते.

जरा आकडेमोड करू. एक एकराला ८ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची म्हणजे सुमारे सव्वातीन लाख लिटर पाणी लागते. मोट दीडशे लिटरची धरली, तर खेपा झाल्या २,१०० च्या वर! तेव्हा मोटेवर ऊस लावणारा कितीही हौशी असला तरी लागण आपसूकच बेताची राहायची.

मोटारीने काय दिले

१९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना निघाला. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून पुढे तेथे पंपही होऊ लागले. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले, गावोगावी तारा पोचल्या आणि विहिरीवर मोटार बसली. बैलांचे हाल थांबले. थारोळ्यापाशी अडकलेली पोरं शाळेत गेली. चार-दोन गुंठ्यांच्या जागी एकरांनी ऊस उभा राहिला. मोट शिवणाऱ्या आणि नाडा वळणाऱ्या कारागिरांचे काम मात्र गेले, हेही विसरू नये. तरीपण मोट परत यावी असे कोणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही.

मग बिघडले कुठे?

गेल्या हंगामात एक वयस्कर सभासद गट ऑफिसात आले. धोतराच्या सोग्यात मातीचे ढेकूळ बांधून आणले होते. वर मिठासारखा पांढरा थर. म्हणाले, "सायेब, अडीच एकर असंच झालंय. खोडव्याला फुटवाच धरंना."

आम्ही विचारले, "काका, पाणी किती देता?"

"लाईट हाय तवर चालूच असतंय की. बैल दमला की त्योच थांबायचा, आन मग आमीबी थांबायचो. मोटार दमतीय व्हय?"

एवढ्या एका वाक्यात त्यांनी सगळा रोग सांगितला. मोटारीची ताकद आपण 'अश्वशक्ती'त मोजतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. नाव घोड्याचे, पण घोड्याला किंवा बैलाला येतो तो थकवा तिला नाही. त्यात ऑटो स्विच बसवला की मालक घरी झोपलेला आणि पाणी सरीतून बांधाबाहेर! वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीपीवर भार येतो आणि ती जळते. मग सगळ्यांचाच ऊस वाळतो.

भारी काळ्या जमिनीत निचरा मुळात कमी. जादा पाण्याने जमिनीखालची पातळी वर येते, उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार वर राहतात. घातलेला युरिया मुळांच्या खाली वाहून जातो, तो तोटा वेगळाच. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत क्षारपडीने चांगल्या जमिनी कशा गेल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

पूर्वी बैल थांबवायचे. नंतर बिलाची थोडी भीती होती. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य शासनाने वीज मोफत केली. शेतकऱ्याला मोठा आधार झाला, यात शंका नाही. पण आता थांबा म्हणणारे बाहेरचे कोणीच राहिले नाही. ते काम आपल्यावरच आले आहे.

एवढे तरी करावे

१. वाफसा पाहूनच पाणी द्यावे. वीतभर खोलीची माती मुठीत दाबावी. चिकट गोळा होऊन हाताला ओल लागली तर मोटार चालू करू नये.

२. ऑटो स्विच काढावा, कपॅसिटर बसवावा. रात्रपाळीची वीज असेल तेथे अडचण आहे हे आम्ही जाणतो. निदान वेळ लावून बंद होणारे यंत्र बसवावे.

३. जमेल त्यांनी ठिबक करावे. मोकाट पाण्याच्या मानाने सुमारे ४० टक्के पाणी वाचते. मात्र ठिबकचा कॉक दिवसभर उघडा ठेवला तर तोही शोध वायाच जायचा.

४. जमीन क्षारपडीकडे झुकली असेल तर आधी चर काढून निचरा करावा, ताग किंवा धैंचा गाडावा. जिप्सम मात्र माती परीक्षणाशिवाय टाकू नये. ते चोपण जमिनीचे औषध आहे, सरसकट नव्हे.

त्या काकांच्या अडीच एकरात यंदा ऊस नाही. चर खोदलेत आणि धैंचा पेरला आहे. जमीन ताळ्यावर यायला काही वर्षे जातील. ज्यांच्या रानात असा पांढरा थर दिसू लागला आहे, त्यांनी पुढच्या लागणीची नोंद करण्यापूर्वी मातीचा नमुना गट ऑफिसात आणून द्यावा. चिटबॉयला निरोप दिलात तरी आमचा माणूस बांधावर येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी