रक्त आमचं, मग आधी विचारा आम्हालाच

मोहफुलं वेचून झाली असतील, तेंदूपत्त्याची तोडणी अजून लागायची आहे. तेव्हा घटकाभर बसून ऐका. आज आपण सिकलसेलच्या तपासणीबद्दल बोलणार आहोत, आणि त्या निमित्तानं आपल्या एका हक्काबद्दल.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. आम्ही सहयोगिनी ज्या गावांत गटांच्या बैठका घेतो, त्यातल्या एका गावात ऐन मोहाच्या दिवसांत तपासणीचं शिबिर आलं. सकाळी बाया रानातून टोपल्या घेऊन परतल्या, तर समाजमंदिरापुढे रांग लागलेली. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, मोबाईलमध्ये नाव, वय, आधार नंबर भरला. कशाची तपासणी, हे मराठीत दोन वाक्यांत सांगितलं. ज्या आज्यांना माडियाच कळते, त्यांनी नुसती मान हलवली. काही दिवसांनी कार्डं आली. तीही समाजमंदिरातच वाटली, नाव मोठ्यानं पुकारून, निकालासकट. आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीच्या नावापुढे 'वाहक' लिहिलं होतं. पंधरा दिवसांत तिची ठरलेली सोयरीक मोडली.

बैठकीत ती ताई म्हणाली, "माझ्या पोरीच्या रक्तात काय आहे, ते मला समजायच्या आधी साऱ्या गावाला कसं समजलं?" आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि लवकर तुटतात. म्हणून सांधे दुखतात, अंगात रक्त कमी पडतं, डोळे पिवळे होतात, लेकरू वारंवार आजारी पडतं. हा संसर्गाचा आजार नाही. शिवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं होत नाही. करणीनंही होत नाही. तो आईबापाकडून येतो. आईकडून एक दाणा, बापाकडून एक दाणा, असं समजा. दोन्ही दाणे सिकलसेलचे आले तर मूल 'ग्रस्त' होतं, म्हणजे त्याला आजार असतो. एकच आला तर ते 'वाहक' असतं. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेती करतो, रानात जातो, लग्न करतो, त्याला लेकरं होतात. उलट वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. म्हणूनच जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे हा दाणा जास्त सापडतो.

नवरा आणि बायको दोघांकडेही सिकलसेलचा दाणा असेल, तरच मूल ग्रस्त होण्याची भीती असते. दोघंही वाहक असतील, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता ग्रस्त मुलाची, दोन वाहकाची, एक पूर्ण मोकळ्या मुलाची. एकटी मुलगी वाहक असेल आणि मुलगा नसेल, तर एकही मूल ग्रस्त होत नाही. मग सोयरीक मोडायच्या आधी मुलाची तपासणी का झाली नाही? दोष फक्त पोरीच्या पदरात का पडला? हे शिबिरात कुणी समजावलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट. नळीत रक्ताचा थेंब टाकून जी पहिली तपासणी करतात, तिच्यावरून माणूस वाहक आहे की ग्रस्त, हे कळत नाही. त्यासाठी दंडातून रक्त घेऊन दुसरी तपासणी करावी लागते. म्हणून पहिल्याच तपासणीवर कुणाला शिक्का मारू नये.

तपासणी वाईट आहे, असं आम्ही म्हणत नाही. तपासणी झालीच पाहिजे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं ठरलं आहे. ग्रस्त लेकराला वेळेवर औषध मिळालं तर ते जगतं, शाळेत जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणजे ग्रस्त व्यक्तीला प्रमाणपत्र काढता येतं. आमचं म्हणणं इतकंच, की तपासणी आम्हाला विचारून, आमच्या भाषेत आणि आमची अब्रू राखून करा.

असं विचारून काम केलं की फरक पडतो, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, 'सर्च' संस्था सुरू केली. सुरुवातीला त्यांनी इथे सिकलसेलवरच अभ्यास केला. पण तो प्रश्न लोकांनी मांडलेला नव्हता, आमचा होता, असं डॉ. बंग यांनीच पुढे सांगितलं. मग त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. दवाखाना कसा हवा, असं विचारल्यावर आदिवासी लोकांनी सांगितलं, मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या घरांसारख्या झोपड्या हव्या, सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा हवी. तसाच दवाखाना शोधग्रामला उभा राहिला आणि त्याला देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी दवाखाना.

यंत्राचंही तसंच. बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे मिनिटाला किती श्वास घेतो त्यावरून ओळखतात. पण गावच्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी 'श्वासमापक' बनवला. लाकडी चौकटीत मणी आणि एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्याला हात लागला, तर न्यूमोनिया. सुईणीनं यंत्रासारखं व्हायचं नाही, यंत्रच सुईणीला जुळेल असं करायचं.

पुढे गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं. हजार बाळंतपणांमागे पहिल्या महिन्यात ६२ बाळं दगावत होती, ती तिसऱ्या वर्षी २६ च्या आसपास आली. १९९९ मध्ये हे जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, त्या कामाचं मूळ इथे आहे. म्हणजे जंगलातल्या बायांना विचारल्यानं देशाचं आरोग्य धोरण बदललं.

आता कायद्याचं बघू. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेते. जंगलातल्या बांबूबद्दल ग्रामसभेला विचारायचं, हे आपण त्या लढाईतून शिकलो. पण १९९६ चा पेसा कायदा फक्त जंगलापुरता नाही. अनुसूचित क्षेत्रात सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यावा, असं त्यात लिहिलं आहे. अंगणवाडी, उपकेंद्र, शाळा, सगळं त्यात येतं. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं. आपल्यासाठीच्या आरोग्याच्या योजना ठरवण्यात आपला सहभाग हवा, असं त्यात म्हटलं आहे. तो जाहीरनामा कायद्याइतका बंधनकारक नाही, पण ग्रामसभेत बोलताना आधार म्हणून वापरता येतो.

मग आपली माहिती मोबाईलमध्ये भरतात, तिचं काय? २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती घेण्याआधी ती कशासाठी घेतोय हे सांगायचं, संमती घ्यायची, असं त्यात आहे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत मिळाली पाहिजे. त्या यादीत मराठी आहे, संथाली आहे, बोडो आहे. पण गोंडी नाही, माडिया नाही, कोलामी नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त होते, तरी नाही. म्हणजे भामरागडच्या आजीला तिच्या भाषेत समजावून सांगायला कागदावरचा कायदा पुरत नाही. तिथे आपल्यालाच उभं राहावं लागेल.

माहिती देऊच नका, असंही आम्ही सांगत नाही. डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा आदिवासींच्या आरोग्याची वेगळी माहिती सरकारजवळ पुरेशी नाही, हेच त्यांनी दाखवलं. आपण मोजले गेलो नाही, तर आपल्यासाठी औषधही येणार नाही. पण मोजल्यावर काय निघालं ते ज्याचं त्याला आधी सांगायचं, आणि गावचा एकूण आकडा, कुणाचं नाव न घेता, ग्रामसभेपुढे ठेवायचा. १४ आकडी आभा क्रमांकही ऐच्छिक आहे. तो काढायचा की नाही, हे विचारूनच काढायचं.

आमच्या गटांनी मग काय केलं, ते सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे ठराव घेतला आणि अर्ज घेऊन दवाखान्यात गेलो. मागण्या चारच होत्या:

मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात शिबिर ठेवू नका, तारीख आधी कळवा.

गोंडी किंवा माडिया बोलणारी बाई सोबत आणा, आणि रक्त घ्यायच्या आधी समजावून सांगा.

निकाल एकेकीला, आडोशाला सांगा. नाव पुकारू नका, यादी भिंतीला लावू नका.

तपासणी बायकांचीच नको, पुरुषांचीही करा.

डॉक्टरांनी पहिल्यांदा हसून सोडलं. दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा ठरावाची प्रत सोबत होती. तिसऱ्यांदा आशाताई आणि पंचायतीच्या दोन सदस्य बाया सोबत आल्या. पुढचं शिबिर पावसाळा सरल्यावर, अंगणवाडीच्या आतल्या खोलीत झालं. गोंडी बोलणारी आमच्याच गटातली एक ताई समजावायला बसली. पुरुष मात्र त्या दिवशीही थोडेच आले. ते काम अजून बाकी आहे.

एक चूक आमच्याकडूनही होणार होती. ग्रामसभेनं होकार दिला म्हणजे सगळ्यांनी रक्त द्यावंच, असं काही जण म्हणू लागले. तसं नाही. ग्रामसभेचा होकार हा शिबिराला गावात येऊ द्यायचा होकार. हात पुढे करायचा की नाही, हे ज्या त्या बाईनं ठरवायचं. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, गटाच्या अध्यक्षानंही नाही.

त्या मुलीची सोयरीक काही परत जुळली नाही. तिची आई आता शिबिराच्या दिवशी अंगणवाडीच्या दारात बसते आणि एका वेळी एकीलाच आत सोडते. कुणी निकालाची यादी बघायला मागितली, तर ती विचारते, "तुझं नाव आहे का त्यात?"

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एवढं करा. तुमच्या गावात शेवटचं शिबिर कधी झालं, कोणत्या भाषेत झालं, निकाल कसे सांगितले, हे एकमेकींना विचारा. जे खटकेल ते आशाताईला आणि ग्राम आरोग्य समितीतल्या बायांना सांगा, आणि महिला सभेत ठराव लिहून घ्या. ठरावाची एक प्रत गटाच्या पेटीत ठेवा. आम्हाला ती तिसऱ्या फेरीत कामी आली.

पुन्हा भेटू. जोहार!