आजोबांच्या पेटींतील नोटा

पुष्कळ जुन्या घरांतून दिवाळीच्या आधीं माळा झाडावयास काढला म्हणजे एखादी पत्र्याची पेटी हातीं लागते, आणि तिच्या तळाशीं जन्मपत्रिका, खरेदीखतें व पिवळ्या पडलेल्या पत्रांखालीं दोन-चार जुन्या नोटा सांपडतात. मग घरांत एकच प्रश्न निघतो : यांचे आतां किती येतील ? आमच्या परिचयाच्या एका घरीं पंचम जॉर्ज बादशहाचें चित्र असलेली दहा रुपयांची नोट अशीच निघाली. थोरल्या चिरंजिवांनीं ती मोठ्या ममतेनें ओल्या फडक्यानें पुसली, तिच्यावर इस्त्री फिरविली, आणि घडीवर जेथें ती फाटली होती तेथें चिकटपट्टी लाविली. व्यापाऱ्यानें नोट खिडकीकडे धरली व कांहीं न बोलतां परत दिली. चौघां भावांत तिच्या वाटणीवरून महिनाभर धुसफूस चालली होती. परंतु वाटून घेण्याजोगें तिच्यांत आतां फारसें उरलेंच नव्हतें.

नोट जुनी म्हणजे मौल्यवान, हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे, आणि तो बहुतांशीं चुकीचा आहे. मोल ठरतें तें तशा नोटा किती उरल्या आहेत व हातांतली कोणत्या स्थितींत आहे, या दोन गोष्टींवर. चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. त्यांची सही असलेली नोट दिसली कीं मराठी माणसाचा ऊर भरून येतो, आमचाही येतो; परंतु त्या नोटा बऱ्याच आढळतात, आणि बाजार अभिमानाला पैसे मोजीत नाहीं. उलट ५००, १,००० व १०,००० रुपयांच्या नोटा जानेवारी १९४६ मध्यें रद्द झाल्या. लोकांनीं त्या घाईघाईनें परत केल्या. म्हणून ज्या थोड्या मागें राहिल्या, त्यांच्या शोधांत संग्राहक असतात.

नोट पाहावयाची ती कोरड्या हातांनीं, काठास धरून, दिवसाच्या उजेडांत. प्रथम ती तिरपी धरावी, म्हणजे घड्या व सुरकुत्या दिसतात. कागद नुसता वांकला असेल तर तें एक. घडीवर रंग उडून आंतला पांढरा तंतू उघडा पडला असेल तर तें वेगळें. संग्राहकांच्या जगांत सत्तर गुणांची एक मोजपट्टी चालते, आणि साठ व त्यावरचे गुण केवळ कोऱ्या नोटेस मिळतात. मध्यभागीं एक पक्की घडी पडली कीं नोट त्या पंक्तींतून उठलीच ! नंतर ती उजेडासमोर धरावी. भोकें, विरलेली जागा, मागून डकविलेला कागद, सगळें तेथें उघडें होतें. डावीकडच्या तारेच्या भोकांनीं मात्र घाबरूं नये. आपल्याकडे बँका गड्ड्यांना तार टोंचीत असत. ही रीत २००१ नंतर रिझर्व्ह बँकेनें बंद करविली. हिंदी संग्राहक तेवढा दोष पोटांत घालतात.

धुतलेली नोट ओळखणें त्याहून अवघड. तिचा रंग फिकट पण सारखा असतो, कागद लुळा पडतो, आणि कोऱ्या कागदाची कुरकुर ऐकूं येत नाहीं. इस्त्रीनें घडी दिसेनाशी होते, तुटलेला तंतू जोडला जात नाहीं. दुरुस्ती सांगून विकली तर तो व्यवहार. लपवून विकली तर ती फसवणूक, मग विकणारा कितीही सभ्य असो.

एक अपवाद सांगितला पाहिजे. सरकारी नोटांचा कायदा १८६१ सालचा. त्या काळीं टपालांत नोट गहाळ होईल या भीतीनें लोक तिचे दोन तुकडे करीत, एक आधीं धाडीत व पोंच आल्यावर दुसरा. म्हणून तशी जोडलेली नोट पाहून ती टाकाऊ समजूं नये. दोन्ही अर्धांवरचा नंबर ताडून पाहावा. तो एकच असेल तर ती एका नोटेची गोष्ट आहे.

जातां जातां : २०१६ मध्यें बंद झालेल्या पांचशें व हजारांच्या नोटा आठवण म्हणून ठेवणाऱ्यांनीं जपावें. २०१७ च्या कायद्याप्रमाणें त्या दहांहून अधिक बाळगतां येत नाहींत. अभ्यास, संशोधन वा नाणकशास्त्रासाठीं ही मर्यादा पंचवीस आहे.

त्या भावांच्या पेटींत आणखी एक नोट होती, विष्णुसहस्रनामाच्या पोथींत दडलेली. पहिल्या महायुद्धांत चांदीचा तुटवडा पडला तेव्हां १९१७ सालीं सरकारनें एक रुपयाची नोट काढली, तीच ही. तिचा डावा काठ दातेरी पाहून धाकटे बंधू हळहळले. पण या नोटा चोपडींतून फाडून देत, त्यामुळें तो दोष नव्हे. तिला कोणीं पुसलें नव्हतें. व्यापाऱ्यानें ती बराच वेळ उजेडासमोर धरली. भावांनीं ती विकली नाहीं. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवींत घालूं नका, पॉलिएस्टरचें पाकीट वापरा, एवढें सांगून आम्हीं तें पाकीट आणून दिलें. पोथी व नोट आतां थोरल्या वहिनींच्या कपाटांत आहे, आणि किल्ली आळीपाळीनें चौघांकडे फिरते.